शिलाँगची लाकडी चौकट

शिलाँगला पोस्टिंग झालेल्या जवानाला जुने बंगले पाहून प्रश्न पडतोच: एवढ्या पावसाच्या गावात लाकडाची घरे का? उत्तर १२ जून १८९७ च्या भूकंपात आहे. त्या दिवशी इथली दगडी बांधकामे कोसळली. पुढे रूढ झाली ती ‘आसाम टाइप’ घरे: लाकडी खांब, आडव्या तुळया, मधे इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताचे कूड, त्यावर गिलावा, वर पत्रा.

अशा घराचा नकाशा वाचताना आधी भिंती नव्हे, चौकट शोधावी. छपराचा भार तुळईवरून खांबात आणि खांबातून जोत्यात उतरतो. कूड म्हणजे नुसता आडोसा. हादऱ्यात चौकट डुलते, आणि कूड ढासळला तरी दगडी भिंतीसारखा माणसाला चिरडत नाही.

आज त्या जागी काँक्रीटचे मजले चढताहेत. जमीन मात्र तीच आहे.