प्री-एक्लॅम्प्सिया आणि आनुवंशिकता : तपासणीच्या वेळी घरातील कोणती माहिती सांगावी?

प्री-एक्लॅम्प्सिया म्हणजे काय?
हा गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा गंभीर प्रकार आहे. साधारणपणे २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त होतो आणि बहुतेक वेळा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही. उपचार न झाल्यास झटके येऊन आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका होऊ शकतो.

याचा घराण्याशी काय संबंध?
तुमच्या आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार झाला असेल, तर तुमचा धोका वाढतो. पतीच्या जन्माच्या वेळी सासूबाईंना हा त्रास झाला असेल, तरीही धोका वाढू शकतो. कारण वार बाळाच्या जनुकांनुसार तयार होते आणि त्यातील निम्मी जनुके वडिलांकडून येतात. बाळाच्या एफएलटी१ या जनुकाजवळील काही फरकांचा या आजाराशी संबंध असल्याचे २०१७ मध्ये संशोधकांना आढळले. म्हणून यात कोणाचाही दोष नाही.

जनुकीय चाचणी करावी का?
नाही. हा आजार होईल की नाही, हे एका जनुकावरून ठरत नाही. त्यासाठी खर्च करू नका. नियमित रक्तदाब व लघवीची तपासणी हाच खात्रीचा मार्ग आहे.

तपासणीच्या वेळी हे अवश्य सांगा
• आई, बहीण किंवा सासूबाईंना गरोदरपणात रक्तदाब वा झटक्यांचा त्रास झाला होता का
• तुमच्या आधीच्या गरोदरपणात असा त्रास झाला होता का
• पहिली खेप, जुळी बाळे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा आधीपासूनचा रक्तदाब

नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांतच करा. धोका जास्त असल्यास डॉक्टर त्या सुमारास कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करू शकतात. ही गोळी स्वतःहून घेऊ नका. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका.

मोफत सेवा कोठे मिळतात?
• प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान : दर महिन्याच्या ९ तारखेला, चौथ्या महिन्यापासून, ठरलेल्या सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टरांकडून तपासणी. जोखीम आढळल्यास माता व बाल संरक्षण कार्डावर लाल स्टिकर लावतात.
• जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम : सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व वाहन विनामूल्य.

दोन्ही सेवा देशभर उपलब्ध आहेत. बाळंतपणासाठी दुसऱ्या राज्यातून माहेरी जात असाल, तर कार्ड व जुने रिपोर्ट सोबत ठेवा.

ताबडतोब रुग्णालयात जा, जर
• डोके सतत दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल
• पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल
• चेहरा व हातांवर अचानक सूज आली असेल
• बाळाची हालचाल कमी जाणवत असेल
• झटके आले असतील

१०८ किंवा १०२ वर फोन करा आणि आशाताईंना कळवा. प्रसूतीनंतरही ६ आठवड्यांपर्यंत ही लक्षणे दिसल्यास थांबू नका.