मुंबई विमानतळावरून शहरात जायला गाडी बुक करताय? भाड्याच्या आधी या गोष्टी पक्क्या करा

१५ तारखेला रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी मुंबईत उतरणाऱ्या विमानासाठी गाडी कोणत्या रात्री सांगायची? उत्तर आहे, १४ तारखेच्या रात्री. पण तिकिटावर १५ छापलेलं असतं, म्हणून घरचे लोक फोनवर "१५ च्या रात्री गाडी पाठवा" असं सांगून मोकळे होतात. मग आई-वडील सामानाची ट्रॉली घेऊन बाहेर उभे असतात आणि ड्रायव्हर घरी झोपलेला असतो. सांगितल्याप्रमाणे तो दुसऱ्या रात्री येणार असतो, त्यामुळे त्याला दोषही देता येत नाही.

विमानतळावरून गाडी ठरवताना आपला बहुतेक वेळ भाडं कमी करण्यात जातो. शंभर-दोनशे रुपये सुटतातही. पण प्रत्यक्षात घोळ होतो तो भेट होण्यात. कोणतं विमानतळ, कोणतं टर्मिनल, किती वाजता, कोणत्या दाराशी आणि कोणाच्या नंबरवर फोन करायचा, हे आधी ठरलं नसेल तर स्वस्तात मिळालेली गाडी महागात पडते.

खासगी गाडी खरंच हवी आहे का?

हा प्रश्न आधी स्वतःला विचारा, कारण आता प्रत्येकाला ती लागतेच असं नाही. मुंबईची भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली. टी १ आणि टी २ या दोन्ही टर्मिनलांना तिची स्वतंत्र स्थानकं आहेत. एकटा माणूस, एक बॅग आणि दिवसाची वेळ असेल, तर चर्चगेट किंवा सीएसएमटीला मेट्रोने जाणं सरळ शहाणपणाचं. रात्री उशिरा मात्र मेट्रो बंद असते, आणि परदेशातून येणारी बरीच विमानं नेमकी त्याच वेळी उतरतात. रिक्षा दक्षिण मुंबईत जात नाही. वांद्रे आणि शीवच्या पुढे तिला परवानगी नाही.

उरतात तीन मार्ग: विमानतळावरची प्रीपेड टॅक्सी, अ‍ॅपवरून उतरल्यावर मागवलेली कॅब आणि आधीच ठरवून ठेवलेली खासगी गाडी. पहिल्या दोघांत विमानाला उशीर झाला तरी काही बिघडत नाही, कारण तुम्ही बाहेर आल्यावरच गाडी घेता. तिसऱ्यात गाडी तुमच्यासाठी थांबते. म्हणून भाडं जास्त, आणि म्हणूनच ठरवण्यासारख्या गोष्टीही जास्त. ज्येष्ठ नागरिक, लहान मुलं, चार-पाच मोठ्या बॅगा, मुंबईत पहिल्यांदाच येणारा पाहुणा किंवा पहाटे दोनची वेळ, यांपैकी काही असेल तर तिसरा मार्ग घ्या.

आधी विमानतळ, मग टर्मिनल

'मुंबई विमानतळ' एवढं सांगून आता भागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचा कोड बीओएम. उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली आणि त्याचा कोड एनएमआय. ही दोन विमानतळं शहराच्या दोन टोकांना आहेत. गाडी सहारला आणि प्रवासी उलव्याला, असं झालं तर गाडी येईपर्यंत तास-दीड तास सहज जातो. त्यामुळे तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचा आणि गाडीवाल्याला तोच सांगा.

जुन्या विमानतळावर पुन्हा टर्मिनलचा प्रश्न आहे. टी १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, पश्चिम द्रुतगती मार्गालगत. टी २ सहारला. धावपट्टी एकच वापरत असले तरी रस्त्याने दोघांत चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे. 'देशांतर्गत म्हणजे टी १' हा जुना हिशेब डोक्यातून काढून टाका. कितीतरी देशांतर्गत विमानं टी २ वर येतात. इंडिगोसारखी कंपनी दोन्ही टर्मिनलं वापरते, त्यामुळे कंपनीच्या नावावरूनही अंदाज बांधता येत नाही. टर्मिनल ऐनवेळी बदलू शकतं, म्हणून निघायच्या दिवशी एकदा पुन्हा पाहा.

वेळ सांगायची ती विमानाची

बुकिंग करताना "मला साडेतीनला घ्यायला या" असं सांगू नका. विमानाचा क्रमांक आणि उतरण्याची वेळ द्या. चांगला गाडीवाला त्या क्रमांकावरून विमान कुठे पोचलंय हे पाहत राहतो आणि त्याप्रमाणे निघतो. वेळ २४ तासांच्या घड्याळात लिहा आणि तारखेसोबत वारही लिहा. '००.४०, मंगळवार, १५ तारीख (सोमवारची रात्र)' असा मेसेज केला की सुरुवातीला सांगितलेला घोळ होतच नाही.

यानंतर विचारायचा प्रश्न म्हणजे थांबण्याची मोफत वेळ. देशांतर्गत प्रवासात विमान उतरल्यापासून साधारण अर्धा ते पाऊण तास आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात तासभर अशी सवलत अनेक ठिकाणी मिळते. पुढे दर अर्ध्या तासाला पैसे लागतात. ही वेळ कधीपासून मोजतात, हे नीट विचारा. विमान प्रत्यक्ष उतरल्यापासून की तुम्ही सांगितलेल्या वेळेपासून? विमान दोन तास उशिरा आलं, तर या एका फरकामुळे बिल बदलतं. परदेशातून येणाऱ्याला इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम्स एवढं उरकून बाहेर यायला तास-सव्वा तास लागणं नेहमीचं आहे. व्हीलचेअर घेतली असेल, तर तिची वाट पाहण्यात आणखी वेळ जातो. त्यामुळे त्या हिशेबाने जास्तीचा अर्धा तास आधीच मागून घ्यावा.

भाड्यात काय धरलंय?

तुलना करण्यासाठी एक आकडा लक्षात ठेवा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आहे आणि पुढे किलोमीटरला साधारण २० रुपये ६६ पैसे. टी २ ते फोर्ट हे अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे वाहतूक कोंडीत थांबलेला वेळ सोडला, तर नुसत्या मीटरने ५१५ रुपयांच्या घरात. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ मध्ये त्यावर २५ टक्के. विमानतळावरची प्रीपेड आणि ठरवून ठेवलेली खासगी गाडी याहून महागच असणार. पण किती पट मागितले जातात हे समजायला हा आकडा उपयोगी पडतो.

खासगी गाडीवाल्याने सांगितलेला आकडा हा शेवटचा आकडा आहे का, हे लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेजही चालतो. त्यात पार्किंग, टोल, रात्रीचा आकार आणि जीएसटी यांपैकी काय धरलंय आणि काय नाही, हे स्पष्ट असावं. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून गेल्यास एप्रिल २०२४ पासून कारला एका फेरीचे १०० रुपये पडतात. त्याला जोडलेल्या, मरीन ड्राइव्हपर्यंत जाणाऱ्या सागरी किनारा मार्गाला टोल नाही. नवी मुंबईच्या विमानतळावरून फोर्टला यायचं तर अटल सेतू जवळचा. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाला तेव्हा कारचा एकेरी टोल २५० रुपये ठेवण्यात आला होता. वाशी, ऐरोली, मुलुंड आणि दहिसरच्या प्रवेशनाक्यांवर मात्र ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल माफ आहे. तरीही 'वाशीचा टोल' बिलात लावला जात असेल, तर पावती मागा. फास्टॅगचा मेसेज गाडीमालकाच्या फोनवर येतोच.

'आठ तास, ऐंशी किलोमीटर' असं पॅकेज कोणी सुचवलं, तर ते विमानतळाच्या एका फेरीसाठी सहसा घेऊ नका. अशा पॅकेजात किलोमीटर आणि तास बहुधा गाडी जिथून निघते तिथून सुरू होतात आणि ती तिथे परत गेल्यावर थांबतात. गाडी ठाण्याहून आली असेल, तर तुम्ही आत बसण्याआधीच वीस-पंचवीस किलोमीटर संपलेले असतात. तुम्हाला फक्त 'एअरपोर्ट ड्रॉप'चा ठरावीक दर हवा आहे, हे शब्दांत सांगा.

पुण्याला थेट जाणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरायची पद्धत आहे आणि परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसेही त्यात येतात. पुण्याचं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास असूनही बिल तीनशेचं का, याचं उत्तर हे आहे. या मार्गावर एकेरी दर देणारे बरेच आहेत, ते आधी विचारा. द्रुतगती महामार्गाचा टोल भाड्यात आहे की वेगळा, हेही विचारा. एप्रिल २०२३ मध्ये तो कारसाठी २७० वरून ३२० रुपये झाला होता.

डिकी रिकामी नसते

हा मुद्दा कोणी सांगत नाही. मुंबईत भाड्याने चालणाऱ्या बहुतेक सेडान सीएनजीवर चालतात आणि डिकीत सिलिंडर असतो. परदेशातून येणाऱ्या दोन माणसांच्या चार मोठ्या बॅगा अशा डिकीत जात नाहीत. मग एक बॅग पुढच्या सीटवर, एक मांडीवर, असा प्रवास होतो. सहा आसनी गाडी घेतली आणि तिसऱ्या रांगेत माणसं बसली, तर सामानाला जागाच उरत नाही. म्हणून बुकिंग करताना माणसांच्या आकड्यासोबत मोठ्या बॅगांचाही आकडा सांगा आणि छतावर कॅरियर आहे का हे विचारा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर तो असतो, ही तिची जुनी सोय आजही कामाला येते.

भेटायचं कुठे, ओळखायचं कसं?

अ‍ॅपच्या कॅब टी २ वर बाहेरच्या दाराशी येत नाहीत. बहुमजली पार्किंगमध्ये त्यांना ठरवून दिलेल्या जागेवर जावं लागतं, आणि ती जागा अ‍ॅपमध्ये दाखवतात तीच खरी धरावी. खासगी गाडीचा ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन दाराबाहेर उभा राहणार की पार्किंगमध्ये बोलावणार, हे आधी ठरवा. गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी या दोघांत बराच फरक आहे.

प्रवाशाकडे भारतातलं सिम नसेल, तर विमानतळाच्या वायफायच्या भरवशावर राहू नका. तिथे ओटीपी मागितला जातो आणि परदेशी नंबरवर तो वेळेत येईलच असं नाही. अशा वेळी ड्रायव्हरला इथल्या नातेवाइकाचा नंबर द्या आणि प्रवाशाला गाडीचा क्रमांक, ड्रायव्हरचं नाव आणि नंबर विमानात बसण्यापूर्वीच पाठवा. कागदावर लिहून ठेवलं तर आणखी बरं, फोनची बॅटरी संपली तरी अडत नाही.

गाडीपाशी गेल्यावर आपलं नाव आपण सांगायचं नाही. "कोणाला घ्यायला आलात?" असं विचारायचं. बरोबर नाव आलं की नंबरप्लेट पाहा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे घरगुती वापराची गाडी. तिला भाडं घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नसतो आणि अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईत अडचण येऊ शकते. "ती गाडी बिघडली, ही पाठवली आहे" असं ऐकलं, तर बुकिंग करणाऱ्याला फोन करून खात्री होईपर्यंत बॅग डिकीत ठेवू नका. गाडीचा क्रमांक एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला की गाडीचा प्रकार आणि नोंदणीचा तपशील दिसतो.

बाहेर "साहेब, टॅक्सी?" म्हणत मागे लागणाऱ्यांबरोबर जाऊ नका, मग दर कितीही कमी असो. बनावट अ‍ॅपवर फुगवलेलं भाडं दाखवून प्रवाशांना लुबाडल्याचे गुन्हे मुंबई पोलिसांनी नोंदवले आहेत. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर' नंबरवरही पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नका. थोडा आगाऊ आणि बाकी उतरल्यावर, हाच व्यवहार बरा. फसवणूक झालीच तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० वर लगेच फोन करा. प्रवासात धोका वाटला तर ११२.

गाडी आलीच नाही तर?

पंधरा मिनिटं वाट पाहा, दोनदा फोन करा आणि मग सरळ आतल्या प्रीपेड काउंटरचा रस्ता धरा. एकदा टर्मिनलबाहेर आलं की परत आत सोडत नाहीत, त्यामुळे ड्रायव्हरशी फोनवर बोलणं झाल्याशिवाय दाराबाहेर पडूच नका. अ‍ॅपच्या कॅबचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गर्दीच्या वेळचं भाडं मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंतच नेता येतं. बुकिंग घेऊन सबळ कारणाशिवाय रद्द करणाऱ्या ड्रायव्हरला भाड्याच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त १०० रुपये दंड आहे. म्हणजे पहाटे तीनला तो दंड कोणाला फारसा अडवेल असं नाही. म्हातारी माणसं येणार असतील, तर उतरल्यावर अ‍ॅप उघडण्यापेक्षा आधी ठरवलेली गाडीच बरी, ती याचसाठी.

गोव्याला जात असाल तर

तिथेही पहिला प्रश्न विमानतळाचाच. दाबोळी वास्कोजवळ, कोड जीओआय. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात, जानेवारी २०२३ पासून सुरू, कोड जीओएक्स. पणजीला दोन्हीकडून साधारण तीस-पस्तीस किलोमीटर पडतात. पण हॉटेल काणकोणला आणि तिकीट मोप्याचं असेल, तर जवळजवळ अख्खा गोवा उभा ओलांडावा लागतो. ओला-उबर तिथे चालत नाहीत. विमानतळावरचा टॅक्सी काउंटर, गोवामाइल्स किंवा हॉटेलने पाठवलेली गाडी एवढेच मार्ग आहेत. हॉटेलची गाडी घेणार असाल, तर कोणत्या विमानतळावर पाठवणार हे बुकिंगच्या मेसेजमध्ये नावानिशी लिहून घ्या.