खिडकीचा हिशेब

प्रकाशावर कविता लिहायला हिशेब लागत नाही. कचेरी बांधायला मात्र लागतो. त्या हिशेबाचा इतिहास मला कवी म्हणूनही मोलाचा वाटतो.

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ साली उभी राहिली. खिडकीपासून २८ फुटांपलीकडे कचेरीची जागा काढायची नाही, असा तिथं दंडक होता. कारण साधं. त्यापुढं उजेड पुरत नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत ट्यूबलाइट विक्रीला आली, मागोमाग वातानुकूलन पसरलं आणि खिडकीची गरज संपली असं बांधणाऱ्यांना वाटू लागलं. मजले रुंद झाले. माणसं भर दुपारी दिव्याखाली बसू लागली. १९७३ च्या तेलसंकटानंतर या उधळपट्टीकडे लक्ष गेलं.

पण उपाय सोपा नव्हता. खिडकी मोठी केली तर उजेडाबरोबर ऊनही आत येतं. दिव्याची वीज वाचते, थंडाव्याची वाढते. वर्षातल्या ८,७६० तासांचा हा जमाखर्च हातानं कोण मांडणार? कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तो संगणकावर मांडला गेला. पुढं १९८० च्या दशकात तिथंच ग्रेग वॉर्ड यांनी 'रेडियन्स' ही प्रणाली लिहिली. इमारत बांधण्याआधीच कुठल्या टेबलावर किती उजेड पडेल, हे ती दाखवते.

२००७ मध्ये पूर्ण झालेल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ५२ मजली इमारतीसाठी याच प्रयोगशाळेची मदत घेतली गेली. मात्र केवळ आकड्यांवर कुणी विसंबलं नाही. आधी ४,५०० चौरस फुटांचा एक नमुना खरोखर बांधून त्यात ऊन-सावली तपासली. कारण डोळ्यांवर तिरीप आली की माणूस पडदा ओढतो, दिवा लावतो आणि सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून सूर्याप्रमाणे खाली-वर होणारे पडदे आणि उजेडाप्रमाणे मंद होणारे दिवे बसवले. केवळ नियमापुरत्या बांधलेल्या तशाच इमारतीच्या तुलनेत 'टाइम्स'च्या मजल्यांवर वर्षाला २४ टक्के वीज कमी लागते, असं २०१३ च्या अहवालात दिसलं.

मुंबई-पुण्यातही काचेच्या कचेऱ्या पुष्कळ झाल्या. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी दुपारी पडदे ओढलेले आणि आत दिवे लागलेले मी पाहतो. आपण काच घेतली, हिशेब घ्यायचा राहिला. खिडकीशी बसलेल्या माणसाला पडदा उघडा ठेवता येईल का, हे नकाशा काढतानाच विचारायला हवं.