वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर



चाळीसगांवाजवळच्या पाटण येथील देवळांत एक जुना शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापन केल्याची हकीकत त्यांत कोरलेली आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १९ व्या शतकांत तो विद्वानांपुढें मांडला. दगडावर नांव नीट कोरलेलें असलें, म्हणजे सहाशें वर्षांनंतरही तें बोलूं लागतें. परंतु तेंच चुकीचें लिहिलें गेलें तर? आज ज्या वैमानिकाची कथा सांगावयाची आहे, त्याच्या वांट्यास नेमकें हेंच आलें.

श्रीकृष्ण वेलिणकर यांचा जन्म १८९४ सालीं मुंबईस झाला. ते केंब्रिजला शिकले. पहिलें महायुद्ध सुरू असतां त्यांनीं इंग्लंडांतच विमानविद्येचे धडे घेतले आणि ब्रिटिश विमानदळाचें दार ठोठावलें. त्या काळीं लढाऊ पलटणींत हिंदी मनुष्यास राजाचें कमिशन मिळत नसे. नऊ हिंदी अधिकाऱ्यांना तें प्रथम मिळालें, तें १९१७ च्या ऑगस्टमध्यें. ज्यास विमान चालवितां येत होतें, त्या वेलिणकरांनाही आरंभीं यांत्रिकाचेंच काम देऊं करण्यांत आलें. त्यांनीं हट्ट सोडला नाहीं, आणि अखेर १९१७ सालीं ते अधिकारी झाले. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरल सेन हे त्यांचे तिघे हिंदी समकालीन वैमानिक होत.

वेलिणकरांची नेमणूक २३ व्या स्क्वाड्रनमध्यें झाली. १९१८ सालीं या पथकाकडे ‘सॉपविथ डॉल्फिन’ जातीचीं विमानें होतीं. तीं एकाच माणसाचीं, झुंजीसाठीं बांधलेलीं. प्रसंगीं तीं खालच्या सैन्यावर लहान बाँबही टाकीत. वैमानिकाचें डोकें वरच्या पंखांमधील मोकळ्या चौकटींतून बाहेर येई. त्यामुळें वरचें आकाश स्वच्छ दिसे. पण उतरतांना विमान उलटलें, तर पहिला आघात त्याच्याच डोक्यावर होण्याचें भय असे. ब्रिटिश वैमानिकांजवळ त्या युद्धांत हवाई छत्रीही नसे. पेटलेल्या विमानांतून सुटकेचा मार्गच नव्हता.

२७ जून १९१८ रोजीं वेलिणकर गस्तीवर गेले, ते परत आले नाहींत. शत्रूनें त्यांचें विमान पाडलें होतें. जखमी अवस्थेंत ते जर्मनांच्या हातीं लागले आणि ३० जून रोजीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. तीनच आठवड्यांनीं, २२ जुलै रोजीं, इंद्रलाल रॉयही पडले.

शत्रूनें वेलिणकरांना पुरलें. परंतु क्रुसावर त्यांचें नांव ‘वुमकर’ असें कांहींसें विपरीत लिहिलें गेलें. युद्ध संपलें, सैनिक घरोघर परतले, पण हा मुंबईकर बेपत्ताच राहिला. जवळजवळ तीन वर्षांनीं, १९२१ सालीं, त्या परक्या नांवामागचा मनुष्य ओळखला गेला. उत्तर फ्रान्समधील हांगार गांवच्या दफनभूमींत आज त्यांचें थडगें आहे. साम्राज्याच्या अत्यंत शूर पुत्रांपैकीं एक, असा त्यावर त्यांचा गौरव केलेला आहे.

हा गौरव वाचतांना मन क्षणभर घोटाळतें. ज्यास अधिकारपदासाठीं झगडावें लागलें, त्यास मरणानंतर ‘पुत्र’ म्हटलें गेलें! हिंदी विमानदळ स्थापन होण्यास तर ८ ऑक्टोबर १९३२ उजाडावें लागलें. हिंदी माणूस विमान चालवूं शकतो कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर वेलिणकर आणि त्यांचे सोबती त्याआधीं १४ वर्षें देऊन चुकले होते.

तें साम्राज्य आज राहिलें नाहीं. पाटणचा शिलालेख पाहावयास मुलांना न्याल, तेव्हां दूर फ्रान्समधील या दुसऱ्या दगडाचीही गोष्ट त्यांना सांगा. आणि नांव मात्र नीट सांगा : श्रीकृष्ण वेलिणकर.