मृगाचा बाण आणि तीन राजे

कसबा पेठेत आता आकाश फार थोडे दिसते. वाडे गेले, इमारती आल्या, रस्त्यांवरचे दिवे वाढले. ऐन दिवाळीच्या अवसेला गच्चीवर जावे, तर डोक्यावर जेमतेम पाचपंचवीस चांदण्या! तरीही मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेला मृग ओळखू येतो. चार पायांच्या मधोमध एका रेषेत तीन तारे. त्याच रेषेत खाली व्याध. त्या तीन ताऱ्यांना आपण व्याधाचा बाण म्हणतो. लोकमान्यांनी 1893 साली ‘ओरायन’ हा ग्रंथ याच नक्षत्रावर उभारला. वसंतसंपात मृगशीर्षात होता तो काळ वेदांत डोकावतो, हे त्यांचे प्रतिपादन.

युरोपातल्या ख्रिस्ती खेड्यांत याच तीन ताऱ्यांना ‘तीन राजे’ म्हणत. गंमत अशी, की मत्तयाच्या शुभवर्तमानात ते राजे नाहीत, आणि तीन आहेत असेही कोठे म्हटलेले नाही. पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ताऱ्यांचे जाणकार, एवढेच. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून लोकांनी माणसेही तीनच धरली.

ही कथा मराठीत आणणारा एक इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आला, साष्टीच्या लोकांत राहिला, आणि त्याचे अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. (ते देवनागरीत वाचकांच्या हाती यायला 1956 साल उजाडले. शांताराम बंडेलूंची ती आवृत्ती निघाली पुण्यातून!) त्याचे श्रोते नवख्रिस्ती. जुनी पुराणे त्यांच्यापासून हिरावली गेली होती. पंचांग, नक्षत्रे, मुहूर्त मात्र त्यांच्या हाडींमासी खिळलेले. ज्योतिषाकडे त्याचे चर्च संशयाने पाही. पण येशूच्या पाळण्याशी गुडघे टेकणारे परदेशी पाहुणे ज्योतिषीच होते. ही अडचण टाळून ख्रिस्तजन्म सांगता येत नाही.

मला मागींच्या कथेत एक बारीक जागा फार मोलाची वाटते. तारा पाहून निघालेले हे विद्वान आधी चुकीच्या दारी जातात. राजा जन्मला म्हणजे राजवाड्यात असणार, या हिशेबाने ते यरुशलेमेला पोहोचतात आणि तेथे वाट विचारतात. तेथल्या शास्त्र्यांना ग्रंथ पाठ. बेथलेहेम हे उत्तर ते तत्काळ देतात. बेथलेहेम तेथून दोनतीन कोसांवर. पण त्यांच्यापैकी कोणी पाहायला निघाल्याचे मत्तय सांगत नाही. ज्यांच्याजवळ पोथी होती ते घरी राहिले. ज्यांच्याजवळ फक्त आकाश होते ते विचारीत विचारीत गेले आणि लवले.

आता योगायोग पाहा. 1616 सालच्याच मार्चमध्ये रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर, दुरुस्ती होईपर्यंत, बंदी आली. पृथ्वी फिरते हे पोथीशी जुळेना. दोनच वर्षांपूर्वी, 1614 साली, केपलर नावाचा भाविक प्रॉटेस्टंट ख्रिस्तजन्माच्या वर्षाचा हिशेब प्रसिद्ध करून बसला होता. इसवी सनापूर्वी 7 या वर्षी गुरू आणि शनी यांची युती झाली, ती त्याने गणिताने मागे जाऊन काढली होती. युती म्हणजेच तो तारा, हे आजही सिद्ध झालेले नाही. ते असो. केपलरला आकाशाचे गणित मांडणे हीच उपासना वाटे. रोमच्या पंडितांना मात्र त्या वर्षी यरुशलेमेच्या शास्त्र्यांची जागा आवडली, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. कोपर्निकसचे नाव निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून गळाले ते 1835 साली.

कसब्यात ब्रदर देशपांडे यांच्या नावाचे एक चर्च आहे. आडनावच सांगते, की हा धर्म इथल्या घरांतही रुजला. दिवाळीचा आकाशकंदील उतरतो न उतरतो, तोच नाताळची कागदी चांदणी चढते. कामट्या त्याच, खळ तीच. त्या चांदणीखालून नाताळच्या मध्यरात्री बाहेर पडणाऱ्याने सहज मान वर करावी. पुण्याच्या आकाशात त्या घटकेला मृगाचे ते तीन तारे बरोबर मध्यमंडलावर, माथ्यापासून थोडे दक्षिणेला, आलेले असतात.