वैमानिकांचे सक्तीचे निवृत्तिवय

प्रवासी व मालवाहू विमानसेवेतील वैमानिकाला ठरावीक वयानंतर विमान चालवण्यास मनाई करणारा नियम आणि त्यावरचा वाद. आंतरराष्ट्रीय व्यापारी उड्डाणांसाठी ही मर्यादा सध्या ६५ वर्षे आहे. विमानात एकच वैमानिक असेल तर ६०. भारतातही व्यापारी विमानसेवेत ६५ पूर्ण केलेल्याला कॅप्टन किंवा सहवैमानिक म्हणून बसता येत नाही. खाजगी उड्डाणाला ही मर्यादा लागू नाही. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ मधले आपले कराची–मुंबई टपाल-उड्डाण १५ ऑक्टोबर १९८२ रोजी लेपर्ड मॉथ विमानातून एकट्याने पुन्हा केले, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.

उगम : पहिली मोठी मर्यादा अमेरिकेत आली, आणि तिच्या मुळाशी वैद्यकशास्त्रापेक्षा कामगार-तंटा अधिक होता. अमेरिकन एअरलाइन्सने साठीच्या वैमानिकांना घरी बसवायचे ठरवले. लवादाचा निकाल कंपनीच्या विरोधात गेला. तेव्हा कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी १९५९ मध्ये संघीय विमान प्रशासनाचे प्रमुख एलवुड केसाडा यांना पत्र लिहून ६० ची मर्यादा सरकारनेच घालावी, अशी गळ घातली. त्याच वर्षी डिसेंबरात नियम निघाला आणि १५ मार्च १९६० पासून अमलात आला. पद सोडल्यावर केसाडा याच कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. जेट विमाने नुकतीच आली होती आणि पंख्याच्या विमानांवर मुरलेल्या वैमानिकांना ती शिकणे जड जात होते, हे कारणही पुढे केले गेले. तेही खरे असावे. पण ६० हाच आकडा का, ५८ किंवा ६३ का नाही, याला आधार देणारा अभ्यास तेव्हा कोणाच्या हाती नव्हता.

पुढचे बदल : आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (इकाओ) नोव्हेंबर २००६ मध्ये मर्यादा ६५ केली, पण साठीपुढच्या वैमानिकाच्या शेजारी साठीच्या आतला जोडीदार हवा, अशी अट घातली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ती अट गेली. अमेरिकेने डिसेंबर २००७ मध्ये ६५ स्वीकारले. तिथला ६७ चा प्रस्ताव २०२४ च्या अंतिम कायद्यात टिकला नाही. लुफ्तान्साच्या करारातली ६० ची अट युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये वयभेद ठरवली, मात्र ६५ ची मर्यादा त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये वैध मानली. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा हिने २०२५ मध्ये ६७ ची मागणी इकाओच्या अधिवेशनात मांडली. ती मान्य झाली नाही. जपानमध्ये मात्र देशाच्या नियमाने मर्यादा ६७ आहे.

पुरावा : वैमानिक आजाराने अचानक असमर्थ होण्याची शक्यता वर्षाला एक टक्क्यापेक्षा जास्त नसावी, हा विमानवैद्यकातला रूढ निकष. वयानुसार हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून साठीनंतर वैद्यकीय तपासणी वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी होते. जून २००९ मध्ये ब्रसेल्सहून नेवार्कला निघालेल्या कॉन्टिनेंटलच्या विमानात ६० वर्षांचे कॅप्टन अटलांटिकवर मरण पावले. सहकाऱ्यांनी विमान सुखरूप उतरवले. मर्यादेच्या बाजूचे लोक यातला मृत्यू दाखवतात, विरोधक सुखरूप उतरणे. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणाआधी दाराशीच कोसळून मरण पावलेले कॅप्टन अवघे ४० वर्षांचे होते. त्यानंतर देशात चर्चा झाली ती वयाची नव्हे, पहाटेच्या पाळ्यांची.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ३,३०६ वैमानिकांची १९८७ ते १९९७ अशी दहा वर्षांची नोंद तपासली. पन्नाशी ओलांडताना अपघाताचा धोका वाढलेला दिसला नाही, आणि पाच हजारांहून अधिक तास उडालेल्यांमध्ये तो निम्म्याहून कमी होता. स्टॅनफर्डच्या २००७ च्या अभ्यासात ४० ते ६९ वयाचे ११८ वैमानिक सिम्युलेटरवर बसवले गेले. वयस्कांची सुरुवात कमी गुणांनी झाली, पण तीन वर्षांत त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी होती.

प्रत्यक्ष कस लागतो तो सिम्युलेटरवरच्या सहामाही परीक्षेत. उड्डाणासाठी विमान धावपट्टीवर वेग घेत असते, सहवैमानिक 'व्ही वन' म्हणतो आणि मागे बसलेला परीक्षक एक इंजिन बंद पाडतो. विमान त्या बाजूला ओढ घेते. 'व्ही वन'चा वेग गाठल्यावर थांबायचे नाही, उडायचेच. पायाने रडर दाबून नाक सरळ ठेवायचे आणि ठरलेल्या वेगावर चढायचे. पंचविशीतला असो की चौसष्टीतला, जमले नाही तर त्याला विमान मिळत नाही. माणूस इतका कसून तपासता येत असताना जन्मतारखेवर सगळा भार टाकणे अपुरे वाटते. भारतीय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या तपासण्यांचे निकाल, नावे वगळून, वयोगटानुसार प्रसिद्ध करावेत. वाद निदान आकड्यांवर होईल.

मुंबई व एअर इंडिया : परवान्याचे वय आणि नोकरीचे वय या दोन गोष्टी आहेत, आणि भारतातला खरा संघर्ष दुसऱ्यावर झाला. एअर इंडियात वैमानिक ५८ व्या वर्षी निवृत्त होत. कंपनी जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परतल्यावर निवृत्तांना कराराने ठेवून घेण्याचे धोरण आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वैमानिकांचे वय सरळ ६५ झाले. डावीकडच्या खुर्चीची, म्हणजे कमांडची, वाट पाहणाऱ्या सहवैमानिकांना असा निर्णय महागात पडतो: कॅप्टन सात वर्षे अधिक राहिला की ज्येष्ठतेची यादी तितकी तुंबते. उलट, वैमानिकांची चणचण असेल तेव्हा कंपन्यांना अनुभवी हात हवेच असतात. विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली, तेव्हा ही चणचण प्रवाशांनाही कळली.

वयाच्या अटीचा सर्वांत कठोर वापर मात्र कॉकपिटमध्ये नव्हे, केबिनमध्ये झाला. एअर इंडियाची हवाईसुंदरी ३५ व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणी सेवेतून जाई. पुरुष कर्मचारी ५८ पर्यंत राहत. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८१ मध्ये गरोदरपणाची अट रद्द केली. ३५ नंतर मुदत वाढवण्याचा व्यवस्थापकीय संचालकांचा मनमानी अधिकारही काढला, पण लग्नाची अट राखली. पुढे स्त्रियांनी पन्नाशीनंतर उडू नये, हा भेद मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सुरक्षेच्या नावाने घातलेली वयाची अट नेहमी सुरक्षेसाठीच असते असे नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा भारतीय विमानसेवेच्या इतिहासात सापडत नाही.



सिंधुदुर्ग : वेंगुर्ले तालुक्यातील चिपीच्या सड्यावरील विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला.  चिपीला आलेली एटीआर-७२ विमाने दोन वैमानिकांची असल्याने त्यांवरही ६५ चीच मर्यादा लागू होते.