ह्याची आई कोठे आहे?

काही वर्षांपूर्वी एका नव्या घराच्या आशीर्वादासाठी आम्ही वसई रोड स्थानकाजवळच्या एका इमारतीत गेलो होतो. प्रार्थना आटोपली, पवित्र जल शिंपडून झाले, आणि चहा येईपर्यंत घरातील लहान मुलीने एक वेताची टोपली आमच्यासमोर आणून ठेवली. टोपलीत पांढऱ्या कुरळ्या लोकरीचा एक गोळा झोपला होता. ‘फादर, हा माल्टिपू आहे,’ ती अभिमानाने म्हणाली. वडिलांनी हळूच किंमत सांगितली. ती एखाद्या कामगाराच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. घरातील आजींचे सारे आयुष्य वाडीत, गाई-म्हशींच्या संगतीत गेलेले. त्यांनी टोपलीत डोकावून एकच प्रश्न विचारला : ‘ह्याची आई कुठे आहे?’

कोणालाच उत्तर देता आले नाही. पिल्लू कोणा मध्यस्थाने गाडीतून आणून दिले होते.

आजींचा तो प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. अशी लोकरी, बाहुलीसारखी पिल्ले आता आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत दिसतात. ती आली कोठून, कोणी घडविली आणि आपल्या दाराशी येईपर्यंत त्यांच्यावर काय काय गुदरले, हा इतिहास पालकांनी जाणून घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या बालपणी वसईच्या वाड्यांतील कुत्र्याला जात नसे, नाव मात्र असे : मोती, राजा किंवा टायगर. पानवेलीच्या मांडवाखाली तो दुपारी पहुडे, रात्री केळीच्या बागेत राखण करी आणि घरातील उरलेला भात व मासळीचे काटे-कुटे यांवर त्याचे पोषण होई. त्याला विकत कोणी घेत नसे. शेजारच्या वाडीत कुत्री व्याली की आम्ही मुले रोज शाळा सुटल्यावर पिल्ले पाहावयास जात असू. कोणते धीट, कोणते भित्रे, कोणते इतरांना ढकलून दूध पिते, हे सारे आम्हांला तोंडपाठ असे. पिल्लू आपले आपण खाऊ लागले म्हणजेच ते घरी आणण्याची परवानगी मिळे. पिल्लाची आई कोणती, तिचा स्वभाव कसा, हे सगळ्या आळीला ठाऊक असे. निवडीची ही रीत आम्हांला कोणी शिकविली नव्हती. ती गावाच्या राहणीतच होती.

पुढे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या आणि सदनिकेत मावेल असा कुत्रा लोकांना हवासा वाटू लागला. त्या काळी आपल्याकडे आला तो ‘पामेरियन’. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्रदेश; आज तो जर्मनी व पोलंड या देशांत विभागलेला आहे. तेथील हा कुत्रा मुळात उत्तरेकडील बर्फाळ मुलखात गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या कुळातला. १७६१ साली इंग्लंडची राणी झालेल्या शार्लटने तो इंग्लंडमध्ये नेला. चित्रकार गेन्सबरोच्या चित्रांत त्या काळचे पॉमेरेनियन दिसतात ते चांगले मध्यम बांध्याचे. १८८८ साली तिची नात व्हिक्टोरिया राणी हिने इटलीतील फ्लॉरेन्स येथे ‘मार्को’ नावाचा सुमारे साडेपाच किलो वजनाचा एक पॉमेरेनियन विकत घेतला. राणीची आवड ती प्रजेची आवड! त्यानंतर लहानातून लहान कुत्रे निवडून त्यांची पैदास करण्याची चढाओढ लागली. आजच्या प्रदर्शनातील पॉमेरेनियन दोन-तीन किलोंचा असतो.

आपल्याकडे ज्याला सरसकट पामेरियन म्हणत, तो बहुधा ‘इंडियन स्पिट्झ’ असे. ब्रिटिश अमदानीत आलेल्या त्याच जर्मन कुळातील कुत्र्यांचा हा वंश हिंदुस्थानच्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला होता. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील ‘टफी’ने त्याला घराघरांत पोहोचविले. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागोमाग चालणारा पग दिसला आणि पांढऱ्या स्पिट्झची जागा चपट्या नाकाच्या पगने घेतली. पगचे नाक मानवी आवडीपायी इतके आखूड केले गेले आहे की आपल्या दमट उन्हाळ्यात त्याला श्वास घेणेही जड जाते. पग मागे पडले तशी आता कुरळ्या लोकरीच्या संकरित पिल्लांची पाळी आली आहे.

या संकराकडे वळण्यापूर्वी ‘शुद्ध जात’ म्हणजे काय, हे पाहावे लागेल. १८७३ साली लंडन येथे ‘केनेल क्लब’ स्थापन झाला आणि कुत्र्यांच्या वंशावळींची नोंद पद्धतशीरपणे होऊ लागली. आम्हां धर्मगुरूंनाही नोंदवह्या परिचयाच्या आहेत. विवाहेच्छू जोडपे आले की बाप्तिस्म्याच्या नोंदी काढून आम्ही दोघांचे रक्ताचे नाते तपासतो. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने ही बंधने नेमकी केली, आणि आजही चुलत-मावस भावंडांचा विवाह खास परवानगीवाचून होऊ शकत नाही. आमची वही जवळच्या रक्ताचा संबंध टाळण्यासाठी उघडली जाते. कुत्र्यांच्या वह्यांचा उपयोग मात्र अनेकदा नेमका उलट झाला. हवे ते रूप पक्के करण्यासाठी बहीण-भाऊ, बाप-लेक यांचेही संबंध घडविले गेले. रूप पक्के झाले, पण त्याबरोबर रोगही पक्के झाले. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या गोंडस जातीत हृदयाच्या झडपेचा विकार सर्रास आढळतो. कवटी मेंदूला अपुरी पडल्यामुळे होणाऱ्या यातनाही तिच्या वाट्याला आल्या आहेत. म्हणूनच नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली त्या देशात या जातीची पैदास प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरविली. बाजारात ‘कॅव्हापू’ या नावाने मिळणारे पिल्लू हे याच कॅव्हेलियरचे आणि पूडलचे अपत्य होय.

या जोडनावांच्या प्रथेला कीर्ती मिळाली ती एका सत्कार्यातून. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे अंधांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांची संस्था आहे. तेथे पैदाशीचे काम पाहणाऱ्या वॉली कॉनरन यांच्याकडे हवाई बेटांवरील एका अंध स्त्रीची विनंती आली. तिला वाटाड्या कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. पूडलचे केस फारसे गळत नाहीत म्हणून कॉनरन यांनी आधी पूडल शिकवून पाहिले; ते जमले नाही. अखेर १९८९ साली त्यांनी लॅब्रॅडोर व पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांचे केस व लाळ हवाईला पाठविली असता एकाच पिल्लाचा त्या पतीला त्रास होत नसल्याचे आढळले. त्या एका पिल्लाने पुढे त्या स्त्रीची उत्तम सेवा केली.

उरलेल्या पिल्लांना मात्र कोणी घर देईना, कारण ती ‘मिश्र’ होती. तेव्हा कॉनरन यांनी ‘लॅब्रॅडूडल’ असे नवे नाव योजले आणि मागण्यांचा पाऊस पडला. कुत्रा तोच होता, बदलले होते केवळ नाव. पुढे नफ्यासाठी कोणीही कोणत्याही कुत्र्याचा पूडलशी संकर करू लागले. आपण सुरू केलेल्या या प्रकाराबद्दल उतारवयात कॉनरन यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली.

तीनांतले एकच पिल्लू का उपयोगी पडले, याचे उत्तर एका कॅथलिक संन्याशाने फार पूर्वी दिले होते. ऑगस्टिनियन संघाचे ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यांवर प्रयोग केले. उंच व बुटक्या वाटाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सारी रोपे उंच आली, पण दुसऱ्या पिढीत बुटकी पुन्हा प्रकट झाली. आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. संकरित टोमॅटोचे बी राखून पुढल्या वर्षी पेरले, तर एका झाडासारखे दुसरे येत नाही. संकरित पिल्लांचेही तेच. एकाच वेतात एकाचे केस कुरळे, दुसऱ्याचे सरळ. एक चार किलोंचे, दुसरे नऊ किलोंचे. ‘याचे केस गळणार नाहीत, याची ॲलर्जी होणार नाही’ अशी हमी विक्रेता देतो ती व्यर्थ होय. ॲलर्जी मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतील व त्वचेच्या कोंड्यातील द्रव्यांमुळे होते. २०११ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणविणाऱ्या व इतर कुत्र्यांच्या घरांत या द्रव्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. संकर म्हणजे आरोग्य, हाही भ्रमच. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ साली नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा तीन संकरांमध्ये व त्यांच्या मूळ जातींमध्ये बहुतेक आजारांच्या बाबतीत फरक दिसला नाही.

मग ज्या कुटुंबाला असे पिल्लू आणावयाचेच आहे, त्याने काय करावे? आमच्या मते आजींचा प्रश्न प्रथम विचारावा. जेथे पिल्लू जन्मले तेथे स्वतः जावे आणि आई पाहावी. ती रोडावलेली, भेदरलेली किंवा दृष्टीआड ठेवलेली असेल, तर मागे फिरावे. भारत सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. आईच्या व भावंडांच्या सहवासातच पिल्लू किती जोराने चावावे, कोठे थांबावे, हे शिकते. हातावर मावेल असे ‘टीकप’ पिल्लू दाखविले तर अधिकच सावध राहावे. इतक्या लहान जिवाची साखर एखाद्या उपवासानेही उतरते. नाताळची किंवा प्रथम ख्रिस्तप्रसादाची भेट म्हणून पिल्लू आणू नये. अशा भेटी पुढे रस्त्यावर येतात म्हणून इंग्लंडमधील एका संस्थेला १९७८ साली लोकजागृतीची मोहीम सुरू करावी लागली होती. लहान कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. पहाटेच्या विरार लोकलने जाऊन रात्री परतणाऱ्या आई-वडिलांनी आणि दिवसभर शाळा-शिकवणीत असलेल्या मुलांनी स्वतःला विचारावे, की दार बंद झाल्यावर ह्याच्याजवळ कोण असेल?

पिल्लू घरी आले की वसईचे हवामान ध्यानात ठेवावे. पूडलच्या वंशातील केस गळत नाहीत म्हणजे ते वाढतच राहतात. ते रोज अगदी त्वचेपर्यंत विंचरले नाहीत तर त्यांच्या गुठळ्या होतात व त्याखाली कातडी सडते. दर सहा-आठ आठवड्यांनी केस कापून घ्यावेत. पावसाळ्यात केसाळ कान ओले राहून पिकतात, म्हणून ते कोरडे करावेत. बोटांच्या बेचक्यांत व कानांमागे गोचीड पाहावी, कारण तिच्यामुळे येणारा ताप जिवावर बेततो. आपल्याकडे साचणाऱ्या पुराच्या पाण्यातून त्याला नेऊ नये. लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्यापासून माणसालाही. उन्हाळ्यात फिरणे पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच असावे. गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा वापरावा. मनुका, द्राक्षे, कांदा व चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत, म्हणून नाताळच्या केकचा तुकडा लाडानेही देऊ नये. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लसी सुरू करून त्या सोळा आठवड्यांपर्यंत पुऱ्या कराव्यात. रेबीजची लस तर कधीच चुकवू नये. मुंबईत परळ येथे १८८३ पासून बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आणि १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुक्या जिवाला वैद्य लागतो, ही जाणीव आपल्या भागात अशी जुनी आहे.

ज्या टोपलीपासून आरंभ केला, तिची हकीकत सांगावयाची राहिली. ते पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचे होते, हे मागाहून पशुवैद्याने सांगितले. लस झालेली नव्हती. आमच्या भेटीनंतर आठव्या दिवशी ते पार्व्होच्या अतिसाराने गेले. मुलीला घेऊन आजी आमच्याकडे आल्या. मुलीने विचारले, ‘फादर, त्याची आई त्याला शोधत असेल का?’ धर्मशिक्षणाची इतकी वर्षे पाठीशी असून आम्ही निरुत्तर झालो. त्या मातेला पुढच्या वेतासाठी कोठल्याशा पिंजऱ्यात पुन्हा तयार केले जात असावे, हे त्या बालिकेला कसे सांगावे?

पुढल्या वर्षी आजींच्या बहिणीच्या वाडीत कुत्री व्याली. आजी नातीला दर रविवारी मिस्सानंतर तेथे नेऊ लागल्या. दोन महिने त्यांनी वाट पाहिली, आणि मग एक तपकिरी, उभ्या कानांचे पिल्लू घरी आणले. त्याच्या जातीचे नाव कोणाला ठाऊक नाही. बायबलमधील तोबितच्या ग्रंथात तरुण तोबिया राफाएल दूताबरोबर प्रवासाला निघतो तेव्हा त्यांच्या मागे एक कुत्राही चालतो. त्याची जात किंवा किंमत ग्रंथकाराने सांगितलेली नाही; तो बरोबर गेला आणि बरोबर परत आला, एवढेच लिहिले आहे. आजींच्या घरचा कुत्रा आता मोठा झाला आहे. रविवारी तो चर्चच्या फाटकापर्यंत येतो आणि मिस्सा संपेपर्यंत तेथेच बसून राहतो.